जुन्या ट्रकला भंगारातलं स्पीडोमीटर: आधी फेरे मोजा, मग मीटर घ्या

काटा शून्यावर पडून असलेला ट्रक आपल्याकडे फारसा कुणाला खटकत नाही. हिंगणघाटच्या जिनिंगला कापूस टाकणारी गाडी असो, वरुड-मोर्शीहून संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटला जाणारी असो की वणीकडची कोळशाची, ड्रायव्हर इंजिनच्या आवाजावरून वेग ओळखतो, डिझेलचा हिशोब अंदाजाने लावतो आणि गाडी चालत राहते. मला हे पटत नाही. भरलेल्या गाडीचा वेग थोडासा वाढला तरी ती थांबवायला लागणारी ताकद वर्गाच्या हिशोबाने वाढते. ताशी ६० ऐवजी ६६ ने चाललात तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, ७० ने चाललात तर ३६ टक्क्यांनी. आणि ६० व ६६ यांतला फरक कानाला कळत नाही, रात्री मोकळ्या रस्त्यावर तर मुळीच नाही. समृद्धी महामार्गावर मालवाहू गाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे. तिथे अंदाज खिशाला महाग पडतो.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११७ प्रमाणे गाडीला स्पीडोमीटर लागतो. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करावं लागतं, आणि तिथे बंद मीटर अडचणीचं ठरतं.

नवीन मीटर, केबल, गरारी (दातेरी चाक) असा सगळा संच दुकानातून घेतला तर प्रश्नच मिटतो. पण वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचा संच कित्येकदा मिळत नाही, मिळाला तर किंमत ऐकून माणूस परत फिरतो. भंगारात मात्र चांगले मीटर पडलेले असतात, कारण गाडी मोडीत निघते ती चेसिस गंजली म्हणून किंवा कागद संपले म्हणून. मीटर बिघडला म्हणून कुणी गाडी मोडीत काढत नाही. ज्यांनी आजवर डॅशबोर्ड उघडला नाही, पण ज्यांना पाना धरता येतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

जुन्या मीटरची रचना साधी आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर एक गरारी असते, ती एक पिनियन, म्हणजे लहान गरारी, फिरवते, पिनियन केबलच्या आतली तार फिरवतो आणि तार मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला कुठेही चिकटलेली नसते, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि ती ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. ओढ आणि स्प्रिंग यांचा तोल जिथे साधतो तिथे काटा थांबतो. किलोमीटर मोजणारी आकड्यांची चाकं याच तारेवर, पण वेगळ्या बारीक गराऱ्यांनी चालतात.

एवढं समजलं की निदान सोपं होतं. काटा चालतो पण किलोमीटर पुढे सरकत नाहीत, तर मीटरच्या आतली छोटी गरारी फुटली. किलोमीटर सरकतात पण काटा मेला, तर वाटी किंवा स्प्रिंग गेली. दोन्ही बंद असतील तर मीटरला दोष देण्याआधी केबल सोडवा: मीटरमागचा नट हाताने सुटतो. मग कुणालातरी गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू पुढे घ्यायला सांगा आणि आतल्या तारेचं टोक पाहत राहा. तार फिरत असेल तर बिघाड मीटरमध्ये. फिरत नसेल तर तार तुटली आहे किंवा गिअरबॉक्समधल्या पिनियनचे दाते गेलेत. काटा थरथरत असेल, नाचत असेल, तर बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी दुमडलेली. आणि काटा वर जाऊन तिथेच चिकटून बसत असेल तर केबल बाहेर काढून बोटाने पुसून पाहा. गिअर ऑइल लागलं तर गिअरबॉक्सकडचं सील गेलं आहे, ऑइल तारेवरून चढत थेट वाटीपर्यंत पोचलं आहे. अशा गाडीला सील न बदलता दुसरा मीटर लावला तर तोही त्याच वाटेने जाईल.

आपल्याकडे केबल मरायची कारणं ठरलेली आहेत. पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी माती गिअरबॉक्सच्या टोकाला लिंपली जाते आणि वाळून दगड होते. कोळशाच्या गाड्यांमध्ये भुकटी सगळीकडे शिरते. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा जुनं ग्रीस आटून गोंदासारखं होतं. आणि सोयाबीन, सरकी वाहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कोणता मीटर निवडायचा ते यावरच ठरतं.

गाडीचा आकडा काढा

नवख्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. तो भंगारात जातो, आपल्यासारख्याच दिसणाऱ्या गाडीचा मीटर पाहतो, भोक जुळतं, नट जुळतो, आनंदाने घेऊन येतो. काटा चालतोही. पण तो खरं बोलतो की नाही, हे दिसण्यावर ठरत नाही. गाडी एक किलोमीटर गेल्यावर केबल किती फेरे फिरते आणि तो मीटर किती फेऱ्यांना एक किलोमीटर मानतो, हे दोन आकडे जुळले तरच मीटर खरा.

गाडीचा आकडा तीन गोष्टींवर ठरतो: टायर, मागच्या धुरीच्या हौसिंगमधला क्राऊन-पिनियन (चाकांना फेरे पोचवणारी गराऱ्यांची जोडी) आणि गिअरबॉक्समधली मीटरची गरारी. जुन्या गाडीत यातलं काहीतरी बदललेलं असतंच. कुणी नऊशे-वीसच्या जागी हजार-वीस टायर चढवलेले असतात, त्याने साधारण ३ टक्के फरक पडतो. लहान ट्रकला साडेसातशे-सोळाच्या जागी सव्वाआठशे-सोळा घातले तर फरक त्याच्या दुप्पट होतो. चढावर ओढत नाही म्हणून कुणी दुसऱ्या मॉडेलचा क्राऊन-पिनियन टाकलेला असतो, त्याने तर हिशोब पारच बदलतो. म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका, मोजून काढा. पद्धत फुकट आहे.

सपाट, डांबरी किंवा सिमेंटचा १०० मीटरचा तुकडा शोधा. बाजार समितीचं आवार सुट्टीच्या दिवशी उत्तम. वावर मोजायचा ३० मीटरचा टेप लावून सुरुवातीला आणि शेवटी खडूने रेघ मारा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. केबल मीटरकडून सोडवा, आतल्या तारेच्या टोकाला रंगीत चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. पुढच्या चाकाचा मध्य पहिल्या रेघेवर आणा. ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी नेईल. दुसरा माणूस झेंड्याचे फेरे मोजेल, तिसरा खाली चालत चाक दुसऱ्या रेघेवर आलं की हाक देईल. अर्धा, पाव फेराही धरा. आलेल्या आकड्याला १० ने गुणा.

समजा ६८ फेरे आले. म्हणजे तुमच्या गाडीचा आकडा ६८०. काहीजण २० मीटरवर मोजून ५० ने गुणतात. तसं करू नका. २० मीटरला साडेतेरा-चौदा फेरेच होतात, त्यात अर्ध्या फेऱ्याची चूक झाली तर ४ टक्के गेले. १०० मीटरवर तीच चूक एका टक्क्याच्याही आत राहते. दोनदा मोजा. दोन्ही वेळा आकडा सारखा आला की तो कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

एक बारीक गोष्ट. ट्रकच्या घासलेल्या आणि नव्या टायरच्या व्यासात जवळपास ३ टक्क्यांचा फरक पडू शकतो. गुळगुळीत टायरवर मोजून मीटर अगदी काटेकोर जुळवला, आणि नंतर नवे टायर टाकले, तर गाडी मीटरपेक्षा जास्त धावेल. म्हणून टायर बदलायचे असतील तर आधी बदला, मग मोजा.

केबलचा मीटर की सेन्सरचा

भंगारातून दोन प्रकारे काम करता येतं. एक, जुना मीटर काढून त्याच प्रकारचा, केबलवर चालणारा चांगला मीटर लावणं. दुसरा, केबल कायमची काढून टाकून तिच्या जागी गिअरबॉक्सवर सेन्सर लावणं आणि वायरीने चालणारा इलेक्ट्रॉनिक मीटर बसवणं.

पहिल्यांदाच करत असाल आणि गाडी गावातून तालुक्यापर्यंतच फिरत असेल, तर माझं मत केबलच्या मीटरला आहे. बिघडला तर डोळ्यांना दिसतो, कुठल्याही गॅरेजमध्ये समजतो, बॅटरी उतरली तरी चालतो. पण गाडी कोळशावर किंवा खाणीच्या रस्त्यावर असेल आणि केबल वर्षातून दोनदा तुटत असेल, तर सेन्सरची मेहनत वसूल होते. केबलला वळणं चालत नाहीत, वायरीला चालतात. फक्त वायर उंदरांपासून वाचवावी लागते.

इलेक्ट्रॉनिकच्या बाबतीत एक कुंपण आधीच घालून घ्या. बीएस-४ च्या बऱ्याच आणि बीएस-६ च्या (प्रदूषणाच्या नव्या मापदंडांच्या) गाड्यांचे चकचकीत मीटर-संच घेऊ नका. ते थेट सेन्सरवर चालत नाहीत. गाडीच्या ईसीयूकडून, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडून, दोन वायरींवर येणारा संदेश वाचतात. तुमच्या जुन्या गाडीत तो संदेश पाठवणारं कुणी नाही, त्यामुळे तो संच जोडला तरी काटा हलणार नाही. त्याआधीच्या पिढीतले, सेन्सरच्या वायरीवर सरळ चालणारे मीटर शोधा.

भंगारात काय पाहायचं

नागपूरला वाडी हा ट्रान्सपोर्टचा भाग. तिथल्या गॅरेजवाल्यांना विचारलं तर कुठल्या भंगारवाल्याकडे कोणत्या कंपनीच्या गाड्या उतरतात हे कळतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथेही मोडीची दुकानं आहेत. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही, त्यामुळे अशा गाड्याही मोडीत येतात. त्यांचे मीटर बहुतेक कमी घासलेले असतात.

सकाळी जा, उजेडात. सोबत पाकिटातला आकडा, मल्टिमीटर, दोन वायरींचे तुकडे, मऊ कुंचला आणि आपला जुना मीटर घेऊन जा. जुना मीटर नेला की भोकाचा व्यास, मागच्या नटाचा आटा आणि चौकोनी टोक जागच्या जागी जुळवून पाहता येतं. नटाचे १८ आणि २२ मिलिमीटरचे आटे दोन्ही पाहायला मिळतात आणि नजरेला फसवतात.

केबलच्या मीटरची तपासणी अशी. काच आतून धुरकट झालेली चालेल, पाण्याची रेघ दिसली तर सोडून द्या. मीटर कानाजवळ धरून हलवा, आत काही खडखडलं तर सोडा. मागच्या चौकोनी भोकात लाकडाची काडी घालून चिमटीने झटका देऊन फिरवा. काटा उचलला गेला पाहिजे आणि सोडल्यावर न अडखळता शून्यावर परत आला पाहिजे. उलट्या बाजूने फिरवलं तर तो शून्याच्या खिळ्यावर दाबला जातो, त्यावरून मीटरची फिरायची दिशा कळते. तुमच्या केबलची दिशा तीच हवी.

आता मीटरचा आकडा. डायलच्या खालच्या भागात बारीक अक्षरांत तो छापलेला असतो. काहींवर ‘के’ किंवा ‘डब्ल्यू’ लिहून पुढे संख्या असते. दशांशात असेल, जसं ०.७, तर ते एका मीटर अंतराचे फेरे, म्हणजे किलोमीटरला ७००. आकडा पुसला गेला असेल तर मीटरच्याच किलोमीटर-चाकांकडून काढून घ्या: मागची चौकोनी काडी हाताने फिरवत राहा आणि शेवटचं, १०० मीटरचं चाक एका आकड्यावरून पुढच्यावर जायला किती फेरे लागतात ते मोजा. ७० लागले तर मीटरचा आकडा ७००. भंगारवाला तुमच्याकडे पाहत राहील, पाहू द्या. वेळ जातो, पण हा हिशोब खोटं बोलत नाही.

निवडताना नियम एवढाच: मीटरचा आकडा गाडीच्या आकड्याएवढा किंवा त्याहून थोडासा कमी असावा, जास्त नसावा. गाडी ६८० ची आणि मीटर ७०० चा असेल, तर खऱ्या ६० ला काटा ५८ च दाखवेल. म्हणजे ड्रायव्हरला वाटतं त्याहून गाडी जास्त वेगाने जाते, आणि हीच बाजू धोक्याची. तोच मीटर ६५० चा असेल तर ६० ला जवळपास ६३ दाखवेल. वेग थोडा जास्त दिसला तर चालतो, पण किलोमीटरही साडेचार टक्क्यांनी जास्त पडतील आणि डिझेलचा ॲव्हरेज उगाच चांगला दिसेल, हे लक्षात असू द्या. मी स्वतः ३ टक्क्यांच्या आतला मीटर मिळेपर्यंत थांबायला सांगेन.

मीटर पसंत पडला पण आकडा दूर असेल, तर दुसरा उपाय गिअरबॉक्सकडे आहे. केबल फिरवणाऱ्या पिनियनचे दाते मोजा. एक दाता कमी असलेला पिनियन लावला की फेरे वाढतात, जास्त असलेला लावला की कमी होतात. १९ ऐवजी १८ दात्यांचा लावला तर साधारण साडेपाच टक्के वाढ. त्याच गिअरबॉक्सच्या घराण्यातल्या दुसऱ्या मॉडेलचा पिनियन भंगारात मिळतो. पण मूळ गरारीशी नीट बसतो का, हे जाणकार मिस्त्रीला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

सेन्सरचा मीटर घेणार असाल तर भंगारवाल्याला सुरुवातीलाच सांगा, “भाऊ, एकटा मीटर नको. मागचा प्लग आणि त्याच्या वायरी हातभर ठेवून काप. त्याच गाडीचा गिअरबॉक्सवरचा सेन्सरही दे.” प्लगाशिवाय आणलेला मीटर म्हणजे डोकेदुखी. सेन्सर मात्र स्वतःचा दांडा असलेला हवा, म्हणजे केबलच्या जागी आट्यावर बसेल आणि त्याच पिनियनने फिरेल. काही सेन्सर नुसत्या डोळ्यासारखे असतात, गिअरबॉक्समधल्या खास दातेरी चकतीकडे पाहून मोजतात. तुमच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ती चकती नाही, ते घेऊ नका. मीटरमागे लहान स्विचांची रांग आणि शेजारी तक्ता चिकटवलेला असेल तर तो मीटर सोन्यासारखा समजा, कारण तो कुठल्याही आकड्याला जुळवता येतो. तक्त्याचा फोटो तिथेच काढा.

सील, फ्यूज, वायर, डायलचे दिवे आणि शक्य असेल तर केबल या गोष्टी भंगारातून आणायच्या नाहीत, नव्या घ्यायच्या. आणि पावती मागा. कच्च्या कागदावर का होईना, दुकानाचं नाव, तारीख आणि काय घेतलं ते लिहून घ्या. चोरीच्या गाडीचे भाग फिरत असतात. पावती नसेल तर निस्तरायची वेळ घेणाऱ्यावर येते.

टेबलावरची परीक्षा

गाडीला लावण्याआधी घरी चालवून पाहा. केबलच्या मीटरला तुटक्या केबलच्या तारेचा हातभर तुकडा लावा, दुसरं टोक बॅटरीच्या ड्रिल मशीनमध्ये पकडा आणि योग्य दिशेने हळू फिरवा. काटा गुळगुळीत चढला पाहिजे. ड्रिलच्या लेबलवर सर्वांत जास्त फेरे लिहिलेले असतात, त्यावरून अंदाज येतो: ७०० चा मीटर मिनिटाला ७०० फेऱ्यांना ६० दाखवतो. काटा उपटून परत बसवायच्या भानगडीत पडू नका, त्या केसासारख्या स्प्रिंगला एकदा वाक आला की मीटर संपला. आत पाणी नको, गंज काढायचा स्प्रे नको. धूळ कुंचल्याने झाडा आणि मागच्या दांड्याच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या.

सेन्सरला बहुतेक तीन वायरी असतात: पुरवठा, अर्थ (गाडीच्या लोखंडाला जोडायची) आणि सिग्नल. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका, सेन्सरच्या अंगावर किंवा प्लगवर खुणा असतात त्या पाहा. आत हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळून गेलं की सिग्नल देणारा भाग, असतो. पुरवठा दिल्यावर दांडा बोटाने सावकाश फिरवला की मल्टिमीटरवर सिग्नलचा व्होल्टेज वर-खाली होताना दिसतो. काही सेन्सरना तो दिसण्यासाठी सिग्नल आणि पुरवठा यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा लागतो. एका फेऱ्यात किती वेळा वर-खाली होतं ते मोजा, बऱ्याच सेन्सरमध्ये ८ वेळा होतं. मग गणित: गाडीचे फेरे ६८०, गुणिले ८, बरोबर ५४४०. मीटरमागच्या स्विचांवर याच्या सर्वांत जवळचा आकडा लावायचा.

बसवणं

चाकांना दगड किंवा लाकडी गुटका लावा. बॅटरीची मायनस तार सोडवा. हे दोन्ही न करता डॅशबोर्डला हात लावू नका.

केबलचं काम असं. गिअरबॉक्सकडचा भाग डिझेलने धुऊन कोरडा करा, म्हणजे उघडल्यावर माती आत पडणार नाही. सील नवं टाका. नवी केबल घेतली नसेल तर आतली तार पूर्ण बाहेर ओढून पुसा, सपाट फरशीवर ठेवून हाताने लाटा. ती सरळ लाटली जात नसेल, मध्येच उडी मारत असेल तर दुमडलेली आहे, फेकून द्या. तारेला पातळ ग्रीसचा हलका हात द्या, पण मीटरकडची शेवटची वीतभर तार कोरडी ठेवा. ग्रीस वर चढतं आणि वाटीपर्यंत पोचतं. केबल नेताना वीतभर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नका, सायलेन्सरपासून दूर ठेवा, क्लिपा लावा. मीटरचा नट हातानेच घट्ट करा. नट अर्धवट राहिला तर तार आत-बाहेर सरकते आणि काटा नाचतो.

सेन्सरच्या कामात पहिला प्रश्न व्होल्टेजचा. मोठ्या ट्रकांमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, लहान गाड्यांमध्ये १२ असतात. मीटर आणि सेन्सर त्याच व्होल्टेजचे आहेत का पाहा. २४ च्या गाडीत १२ चा मीटर लावायचा असेल तर मध्ये कन्व्हर्टर लावा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घ्यायची पद्धत बरेच वायरमन वापरतात. ती चुकीची आहे. एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात.

पुरवठा चाबीच्या लाइनवरून, म्हणजे चाबी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवरून घ्या आणि त्यात २ ते ३ अँपिअरचा फ्यूज टाका. अर्थसाठी जागा निवडून रंग आणि गंज खरवडा, चमकणारा लोखंड दिसल्यावरच बोल्ट कसा. जुन्या गाडीत निम्मे विजेचे प्रश्न खराब अर्थचेच निघतात. सेन्सरची वायर गिअरबॉक्सपासून कॅबिनपर्यंत नालीदार पाइपातून आणा, स्टार्टर आणि अल्टरनेटरच्या जाड तारांपासून लांब ठेवा, नाहीतर त्यांचा गोंधळ सिग्नलमध्ये शिरतो आणि उभ्या गाडीत काटा हलतो. जोड पिळून टेप मारू नका, सोल्डरचा डाग देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी घाला. प्लगाचं तोंड खाली राहील असं बांधा, पाणी साचत नाही.

गाडीला स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र, असेल तर थांबा. बऱ्याच गाड्यांत तो वेगाची माहिती याच केबलमधून किंवा याच सेन्सरकडून घेतो आणि त्याला सील असतं. ती वायर कापायची नाही, सील तोडायचं नाही. तो लावणाऱ्या अधिकृत दुकानाकडूनच जोड करून घ्या.

रस्त्यावरची खात्री

रहदारी कमी असलेला, सरळ, सपाट तुकडा निवडा आणि किलोमीटरचे दगड वापरा. ड्रायव्हरने काटा एका आकड्यावर स्थिर धरायचा, शेजारच्याने दगड ते दगड वेळ मोजायची. ४० ला ९० सेकंद, ५० ला ७२, ६० ला ६० सेकंद लागले पाहिजेत. दगड सगळीकडे अचूक अंतरावर नसतात, म्हणून एकाच दगडावर निकाल देऊ नका, सलग चार-पाच किलोमीटर घ्या. सोबत मोबाइलवरचा जीपीएस वेगही पाहा. स्थिर वेगाला, मोकळ्या आकाशाखाली तो चांगला साक्षीदार आहे, वेग बदलताना मात्र मागे पडतो. मोबाइल शेजारच्याच्या हातात हवा, ड्रायव्हरच्या नाही.

तिन्ही वेगांना फरक एकाच टक्क्यात दिसत असेल आणि मीटरवरचे किलोमीटरही दगडांच्या हिशोबाने तेवढेच चुकत असतील तर प्रश्न फेऱ्यांचा आहे, पिनियन किंवा स्विचांनी सुटेल. किलोमीटर बरोबर पण काटा चुकत असेल, किंवा काटा कमी वेगाला बरोबर आणि जास्त वेगाला चुकत असेल, तर बिघाड मीटरच्या आतच आहे, तो मीटर बदला.

नोंद

भंगारातल्या मीटरवर दुसऱ्या गाडीचे किलोमीटर असतात. ते मागे फिरवून घ्यायचा सल्ला कुणीतरी देईलच. देऊ नका फिरवू. पुढे गाडी विकताना ती सरळ फसवणूक ठरते. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा, दोन्हीचे फोटो काढा, तारखेसह गाडीच्या वहीत लिहा आणि डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: मीटर बदलल्याची तारीख, जुना आकडा, नवा आकडा, गाडीचे किलोमीटरला फेरे, टायरचा साइज. पुढच्या मिस्त्रीला फेरे पुन्हा मोजावे लागणार नाहीत, आणि ऑइल, फिल्टर कधी बदलायचे याचा हिशोब तुटणार नाही.

जुना मीटरही लगेच भंगारात देऊ नका. त्याच्या आतली एखादी गरारी, काच किंवा मागचा नट नव्या मीटरला लागू शकतो. मृगाचा पाऊस पडून रस्ते चिखलाचे झाले की एकदा गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सकडचा जोड धुऊन पाहा. सील पाझरत नसेल आणि नट जागेवर असेल तर दिवाळीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम लागेपर्यंत, तिकडे पाहायची गरज पडत नाही.